कॉर्न शेल काढून टाकायचा का? जुन्या शेलवर चालणाऱ्या कामांबद्दल

रात्रपाळी (धागालेखक)

सध्या आमच्याकडे एकच विषय चालू आहे. एका बँकेचं दिवसअखेरीचं काम, म्हणजे ज्याला आम्ही ईओडी म्हणतो ते, एआयएक्सवरून (आयबीएमचं युनिक्स) लिनक्सवर न्यायचं ठरलंय. नव्या टीमचं म्हणणं असं की कॉर्न शेलच्या सगळ्या स्क्रिप्ट्स बॅश या लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलमध्ये करून टाकू, शेलचं नाव सांगणारी पहिली ओळ बदलली की झालं. मला हे पटत नाही. का पटत नाही ते नीट मांडावं आणि इथल्या अनुभवी लोकांचं मतही कळावं म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेल म्हणजे आपण दिलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आणि अशा कमांड लिहून ठेवलेली फाइल म्हणजे स्क्रिप्ट. युनिक्सचा पहिला शेल केन थॉम्पसनने १९७१ मध्ये लिहिला. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्नचा शेल आला आणि आज आपण ज्याला शेल स्क्रिप्ट म्हणतो तिचं व्याकरण तिथून सुरू झालं. त्याच सुमारास बर्कलीत बिल जॉयने सी शेल लिहिला. बेल लॅब्समधल्या डेव्हिड कॉर्नने १९८३ मध्ये कॉर्न शेल जाहीर केला, त्यात बोर्नचं व्याकरण होतं आणि सी शेलच्या सोयीही. त्याची १९८८ ची आवृत्ती व्यापारी युनिक्सवाल्यांनी उचलली. एआयएक्सवर लॉगिन केलं की आजही तिचाच वारसा समोर येतो.

आता मुद्दा. आमच्या स्क्रिप्ट्समध्ये एक रचना जागोजागी आहे. डेटाबेसला बँकेची चालू कामकाजाची तारीख विचारायची आणि उत्तर पाइपमधून (‘|’, एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारं चिन्ह) व्हेरिएबलमध्ये घ्यायचं: ‘क्वेरी | रीड तारीख’. कॉर्न शेल पाइपलाइनमधला शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालवतो, त्यामुळे पुढच्या ओळीत $तारीख भरलेली असते. बॅश मात्र प्रत्येक भाग वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या तात्पुरत्या प्रतीत, चालवतो. तिथे ‘रीड’ने वाचलेलं मूल्य त्या सबशेलबरोबरच संपतं आणि पुढच्या ओळीत $तारीख रिकामी. एरर येत नाही, स्क्रिप्ट थांबत नाही. फाइलच्या नावातला तारखेचा भाग नुसता गळतो, व्याजाची फाइल तारखेविना तयार होते आणि दुसऱ्या दिवशीची फाइल तिच्यावरच लिहिली जाते. चाचणीत आम्हाला हे दिसलं ते एकाने आउटपुटच्या डिरेक्टरीत सहज डोकावलं म्हणून. रिटर्न कोड शून्यच होता, म्हणजे शेलच्या लेखी सगळं ठीक.

पॉझिक्स या युनिक्सच्या सामाईक मानकाला दोन्ही वागणुकी मान्य आहेत. म्हणजे बॅश चुकीचा नाही आणि कॉर्नही नाही. बॅशच्या ४.२ पासून शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालवणारा ‘लास्टपाइप’ नावाचा पर्याय आहे, पण तो चालू करायचा हे आधी कुणाच्या तरी ध्यानात यायला हवं.

दुसरं उदाहरण याहून वाईट आहे. ‘|&’ हे चिन्ह. कॉर्न शेलमध्ये त्याने को-प्रोसेस सुरू होते, म्हणजे मागे चालणारा प्रोग्रॅम, ज्याच्याशी स्क्रिप्ट ‘प्रिंट -पी’ने बोलते आणि ‘रीड -पी’ने उत्तर ऐकते. बॅशमध्ये तेच चिन्ह आउटपुट आणि एरर दोन्ही पुढच्या कमांडला पाठवतं, आणि ‘रीड -पी’ म्हणजे वापरणाऱ्याला प्रॉम्प्ट दाखवणं. चिन्हं तीच, अर्थ पूर्ण वेगळे.

आणखी एक सांगतो. या स्क्रिप्ट्समध्ये नियम साठलेले आहेत. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी सुरू झाली. आमच्या एका स्क्रिप्टमध्ये त्यासाठी घातलेली अट आहे, तिच्या डोक्यावर दोन ओळींची कॉमेंट आहे, आणि तिच्याखाली त्या सुट्टीला महिनाअखेर आली तर काय करायचं ते. हे दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही. ज्यांनी लिहिलं ते निवृत्त झाले. म्हणून माझं म्हणणं एवढंच: आधी मशीन बदला, शेल तोच ठेवा. लिनक्सवर कॉर्न शेल पॅकेज म्हणून मिळतो. सगळं स्थिरावलं की मग एकेक स्क्रिप्ट वाचून, समजून बदला. दोन्ही एकदम बदललं तर बिघाड कुठून आला ते रात्री दोन वाजता कुणालाही कळणार नाही.

शेवगा

पूर्ण सहमत. धागा टीमच्या ग्रुपवर टाकला.

हडसनकाठ

रात्रपाळी, मुद्दा चोख मांडलात. पण ‘शेल तोच ठेवा’ यात एक खाच आहे, ती सांगितली पाहिजे. मी इकडे न्यू जर्सीत हेच स्थलांतर जवळून पाहिलंय. एआयएक्सचा कॉर्न शेल १९८८ च्या घराण्यातला आणि लिनक्सवर मिळणारा १९९३ च्या. नाव एक असलं तरी शेल तोच नाही.

सगळ्यात त्रास देणारा फरक फंक्शनचा. फंक्शन दोन पद्धतींनी लिहिता येतं: ‘फंक्शन नाव’ असं, किंवा नावापुढे रिकामा कंस देऊन. ८८ मध्ये दोन्ही सारखी वागायची, आत ‘टाइपसेट’ने जाहीर केलेलं व्हेरिएबल फंक्शनपुरतंच राहायचं. ९३ मध्ये कंसवाली पद्धत पॉझिक्सच्या नियमाने चालते, तिथे ‘टाइपसेट’ केलेलं व्हेरिएबलही बाहेर सगळीकडे दिसतं. फंक्शनच्या आत मोजणीसाठी ‘आय’ आणि बाहेरच्या लूपमध्येही ‘आय’ असेल तर बाहेरचा लूप मध्येच उडी मारतो. एरर इथेही नाहीच.

उपाय: कंसवाली फंक्शन्स शोधायची, ज्यांच्या आत ‘टाइपसेट’ आहे तेवढी ‘फंक्शन नाव’ पद्धतीने लिहायची. एवढं केलं की मग कॉर्न ते कॉर्न जाणं खरंच सुखाचं होतं. उलट ९३ मध्ये दशांशातलं गणितही शेलमध्येच होतं, १० भागिले ४.० केलं की २.५ मिळतं. बॅशला आजही ते जमत नाही.

रात्रपाळी

हडसनकाठ, मनापासून धन्यवाद. हे आमच्या यादीत नव्हतं. उद्याच शोधायला लावतो.

अनुस्वार

मला हा सगळा आटापिटा पटत नाही. जिथे रिकाम्या व्हेरिएबलवर स्क्रिप्ट पुढे चालू राहते आणि शून्य परत देते, त्या साधनावर लोकांच्या ठेवींचं व्याज मोजू नये. कॉर्न की बॅश हा प्रश्नच चुकीचा आहे. पायथनमध्ये लिहा, प्रत्येक नियमाला टेस्ट लिहा, तारखांसाठी तयार लायब्ररी वापरा. शनिवारचा नियम कॉमेंटमध्ये राहतो आणि निवृत्त माणसाबरोबर जातो, याचं कारणच शेल आहे. रात्रपाळींनी जी उदाहरणं दिली तीच माझी बाजू मांडतात.

आणि सुरक्षिततेचं काय? सप्टेंबर २०१४ मधला शेलशॉक आठवा, बाहेरच्याला सर्व्हरवर कमांड चालवू देणारा दोष. पर्यावरणातल्या व्हेरिएबलमधून फंक्शन पाठवायची बॅशमधली सोय, आणि तिच्यातली चूक १९८९ पासून तशीच पडून होती. पंचवीस वर्षं जगातल्या असंख्य सर्व्हरवर. जुनं म्हणजे तावूनसुलाखून निघालेलं, असं मानून चालत नाही.

मुळाकाठ

अनुस्वार, शेलशॉकचं उदाहरण दिलंत तर ते पूर्ण सांगायला हवं. तो धोका बॅशचा होता. ज्या मशीनवर ‘एसएच’ (सिस्टीमचा ठरलेला शेल) म्हणजे डॅश होता तिथे वेबसर्व्हरकडून ‘एसएच’ला जाणारे हल्ले लागूच पडले नाहीत, कारण फंक्शन असं पाठवायची सोयच डॅशमध्ये नाही. लिनक्समधले डेबियन आणि उबुंटूवाले तेव्हा बऱ्याच अंशी बचावले ते यामुळे.

आणि डॅश कोण? केनेथ आल्मक्विस्टने १९८९ मध्ये बोर्न शेलच्या धर्तीवर लिहिलेल्या ॲश शेलचा वंशज. उबुंटूने ऑक्टोबर २००६ मध्ये, ६.१० आवृत्तीत, ‘एसएच’ म्हणून बॅश काढून डॅश बसवला. तेव्हा मशीन सुरू होताना शेकडो छोट्या स्क्रिप्ट्स चालायच्या आणि डॅश लहान असल्यामुळे चटकन सुरू होतो. डेबियनने २०११ मध्ये सहाव्या आवृत्तीत तेच केलं. म्हणजे भरपूर सोयींचा शेल बाजूला ठेवून जुन्या, काटक वळणाचा शेल निवडला गेला, तोही विचारपूर्वक.

तेव्हा पडझडही झाली. ‘एसएच’ म्हटलं की बॅशच, असं धरून लिहिलेल्या स्क्रिप्ट्स कोसळल्या. डॅशमध्ये दुहेरी चौकटी कंस नाहीत, ॲरे नाहीत, ‘सोर्स’ नाही, त्याऐवजी नुसता टिंब. ‘इको -ई’ म्हटलं की डॅश ते ‘-ई’ सुद्धा छापून मोकळा. अशा जागा शोधायला डेबियनकडे ‘चेकबॅशिझम्स’ नावाचं छोटं साधन आहे, ते आजही रोज उपयोगी पडतं.

घरचा राउटर बघा, बहुतेक वेळा आत बिझीबॉक्स (अनेक छोट्या कमांड एकत्र असलेला प्रोग्रॅम) आणि त्यातला ॲश. अल्पाइन लिनक्सचे कंटेनर घ्या, तोच ॲश, बॅश मुद्दाम घालावा लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये शेल उघडला तर एमकेएसएच, म्हणजे कॉर्नच्याच कुळातला. इथे लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात जुना शेल आहे.

अनुस्वार

डॅशचा मुद्दा मान्य. पण राउटरमधला शेल आणि बँकेचा ईओडी यात फरक आहे. माझा आक्षेप ईओडीबद्दल आहे.

चिपवाला

आमच्या क्षेत्राबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. चिप डिझाइनमध्ये आजही टीसी शेल, म्हणजे सी शेलचा सुधारलेला भाऊ, सर्रास चालतो. नवीन मुलगा रुजू झाला की पहिल्या दिवशी गोंधळतो. कॉलेजात बॅश शिकलेला असतो आणि इथे ‘एक्स्पोर्ट’ चालत नाही, ‘सेटएन्व्ह’ लिहावं लागतं.

याचं कारण सवय एवढंच नाही. आमच्याकडे प्रत्येक प्रोजेक्टची एक सेटअप फाइल असते. कुठल्या टूलची कुठली आवृत्ती, लायसन्स सर्व्हर कुठला, फाउंड्रीच्या, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या, लायब्ररीचा रस्ता कुठला, हे सगळं तिच्यात. ती फाइल चालवायची नसते, ‘सोर्स’ करायची असते, कारण चाइल्ड प्रोसेसला पेरेंटचं पर्यावरण बदलता येत नाही. मग जी भाषा फाइलची, तीच भाषा तुमच्या लॉगिन शेलची असावी लागते. फाइल सी शेलमध्ये असेल तर बॅशवाल्याला ती वाचताच येत नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात हे काम सनच्या वर्कस्टेशनवर व्हायचं, तिथला वारसा बर्कली युनिक्सचा, त्यामुळे सी शेल हाताशी होता. टूलवाल्यांनी त्यात सेटअप फाइली दिल्या, लोकांनी त्यावर आपल्या रचल्या, त्यावर प्रोजेक्टच्या रचल्या गेल्या. आता मधला एक थर बदलायचा म्हटलं तरी वरचे सगळे हलतात, आणि टेपआउट (तयार डिझाइन कारखान्याकडे पाठवणं) तोंडावर असताना ते करायला कुणी धजत नाही.

बाकी सी शेल स्क्रिप्टसाठी वाईटच आहे, ते मी उघडपणे सांगतो. आउटपुट एका फाइलीत आणि एरर दुसऱ्या फाइलीत हवी असेल तर सरळ मार्ग नाही, आधी कंसात कमांड घालून आउटपुट वळवायचं आणि कंसाबाहेर एरर. एकेरी अवतरणात लिहिलेलं उद्गारचिन्हसुद्धा तो हिस्टरी (आधीची कमांड परत बोलावणं) समजतो. फंक्शन तर नाहीतच. पण कीबोर्डवर बसून हाताने काम करायला त्याने काय दिलं ते विसरू नये. हिस्टरी, एलियास आणि जॉब कंट्रोल लोकांनी आधी त्याच्यातच वापरलं, बाकीच्यांनी नंतर घेतलं. म्हणून आमचा नियम: लॉगिन शेल टीसी, स्क्रिप्ट नेहमी बोर्नच्या वळणाची.

पाऊसपाणी

चिपवाला, हवामानातही हेच! डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल इकडे विद्यार्थी शिकायला घेतात. सोर्स उतरवून कॉन्फिगर केलं की ‘कंपाइल’ नावाची स्क्रिप्ट चालवायची. तिची पहिली ओळ सी शेल मागते. नव्या उबुंटूवर सी शेल नसतो. मग संदेश येतो: बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल. विद्यार्थी म्हणतो, मॅडम, फाइल तर समोर दिसतेय! जी सापडत नाही ती स्क्रिप्ट नसून तिला चालवणारा शेल आहे, हे समजावून सांगावं लागतं. टीसी शेल बसवला की एका कमांडीत प्रश्न सुटतो.

मला वाटतं विज्ञानातल्या कोडचं वय इथे ध्यानात घ्यावं. फोर्ट्रानचं मॉडेल दशकानुदशकं चालतं आणि त्याच्याभोवतीच्या स्क्रिप्ट्स त्याच्याबरोबरच म्हाताऱ्या होतात. जुने निकाल पुन्हा तसेच्या तसे काढता आले पाहिजेत ही आमची गरज आहे. त्यासाठी तेव्हाची स्क्रिप्ट तेव्हाच्या शेलमध्ये चालणं हा शास्त्राचाच भाग आहे. ती कुणी ‘सुंदर’ करून दिली तर मला ती नको असते.

अनुस्वार

पाऊसपाणी ताई, हा मुद्दा खरंच विचार करायला लावणारा आहे. पुन्हा तसाच निकाल मिळवण्यासाठी जुना शेल जपणं, हे मला मान्य. मी फक्त एवढंच म्हणेन की तेव्हा शेलची आवृत्तीही नोंदवून ठेवा.

सोलापुरी चादर

विंडोजवाल्यांना धाग्यात प्रवेश आहे का? मी कर सल्लागारांच्या, दुकानांच्या मशीन सांभाळतो. तिथे अजून बॅच फाइलच. पॉवरशेल हा विंडोजचा नवा शेल २००६ मध्ये आला, सगळ्या विंडोजवर असतो, ताकदही खूप. तरी मी क्लायंटला बॅच फाइलच देतो. डेस्कटॉपवर ठेवली, डबल क्लिक केलं, बॅकअप पेन ड्राइव्हवर गेला. पॉवरशेलची फाइल डबल क्लिक केली तर चालण्याऐवजी नोटपॅडमध्ये उघडते, आणि घरगुती विंडोजवर स्क्रिप्ट चालवायला मुळात परवानगी बंद असते. दुकानातल्या काकांना मी ते कसं समजावू?

एकच गोष्ट सांभाळायची. बॅकअपच्या फोल्डरला तारखेचं नाव देताना ‘डेट’ व्हेरिएबलवर भरवसा ठेवायचा नाही. ते मशीनच्या रीजनल सेटिंगप्रमाणे बदलतं. एका मशीनवर दिवस आधी, दुसऱ्यावर महिना आधी, तिसऱ्यावर मध्ये तिरक्या रेघा, आणि तिरकी रेघ फोल्डरच्या नावात चालत नाही. मी तारखेपुरता बॅचमधूनच पॉवरशेल बोलावतो, वर्ष-महिना-दिवस अशी ठरलेली तारीख घेतो आणि बाकी सगळं बॅचमध्ये.

शेवगा

हे फार कामाचं. माझ्या भावाच्या दुकानात नेमका हाच घोळ चालू आहे.

जुनाखांब

निवृत्त आहे, पण धागा पाहून राहवलं नाही. सोलॅरिसवर, म्हणजे सनच्या युनिक्सवर, आयुष्य गेलं. दहाव्या आवृत्तीपर्यंत तिथला ‘एसएच’ म्हणजे अस्सल बोर्न शेल होता, अकराव्यात तिथे कॉर्न ९३ आला. अस्सल बोर्नमध्ये कमांडचं आउटपुट घ्यायला डॉलर-कंस चालत नाही, उलटी अवतरणंच लागतात. आणि ^ हे चिन्ह तिथे पाइपसारखं वागतं! थॉम्पसनच्या शेलपासूनची ही खूण. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडला ओळीची सुरुवात शोधायला ^ द्यायचं आणि अवतरण विसरायचं, की स्क्रिप्ट भलतीकडे जायची. लिनक्सवर मोठी झालेली मुलं ही चूक हमखास करत.

आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअरची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट उघडा. तुलना करताना दोन्ही बाजूंना एक ‘एक्स’ चिकटवलेला दिसेल. नवी मुलं विचारतात हे कशाला. व्हेरिएबल रिकामं असलं किंवा त्यात वजा चिन्हाने किंवा उद्गारचिन्हाने सुरू होणारं काही असलं, तर जुन्या शेलमधली ‘टेस्ट’ कमांड गोंधळायची, म्हणून तो ‘एक्स’. ज्या शेलसाठी लिहिला ते आता फारसे कुठे नाहीत, पण त्याने कुणाचं बिघडत नाही, आणि एखाद्या कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर तीच स्क्रिप्ट आजही चालते. अनुस्वार यांना एक विचारतो: पायथन २ मध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट्सचं काय झालं? १ जानेवारी २०२० ला त्याचा आधार संपला आणि साधा ‘प्रिंट’सुद्धा पुन्हा लिहावा लागला. मी नव्वदच्या दशकात लिहिलेल्या बोर्नच्या स्क्रिप्ट्स डॅशवर अजून चालतात.

अनुस्वार

जुनाखांब काका, पायथन २ चा घाव खरा आहे, आम्ही तो सोसलाय. तरीही टेस्ट असलेला कोड बदलताना भीती वाटत नाही, हे मी सोडणार नाही. रात्रपाळींना माझा सल्ला थोडा बदलतो: शेल ठेवा, पण त्याच्याभोवती टेस्ट उभ्या करा. जुनं आणि नवं मशीन काही काळ शेजारी चालवा आणि रोजच्या फाइली डिफने ताडून बघा.

रात्रपाळी

हे मला पूर्ण मान्य. ताडून बघायला महिनाअखेर, तिमाही आणि ३१ मार्च हे तिन्ही आत आलेच पाहिजेत, कारण वर्षअखेरीच्या स्क्रिप्ट्स एरवी झोपलेल्या असतात. वरिष्ठांना नेमकं हेच पटवतोय. त्यांना तारीख आधीची हवी आहे. मी ३१ मार्चच्या आधी जुनं मशीन बंद करायला होकार देणार नाही.

निळीशाई

मॅकवाल्यांसाठी भर: तिथे २०१९ च्या कॅटालिनापासून झेड शेल आहे, पण बॅश अजून पडून आहे, तोही २००६ मध्ये आलेला ३.२. पुढच्या आवृत्त्या जीपीएल ३ परवान्यात आल्या आणि ॲपल त्याच्या अलीकडेच थांबली. अनुक्रमांकाऐवजी नावाने मूल्य शोधणारे ॲरे बॅशमध्ये २००९ च्या चौथ्या आवृत्तीत आले. त्यामुळे लिनक्सवर लिहिलेली स्क्रिप्ट मॅकवर ‘डिक्लेअर’च्या ओळीला अडखळते. ‘बॅश’ नाव सारखं म्हणून शेल सारखा समजू नये.

प्रथमवर्ष

मी इंजिनीअरिंगला आहे. सगळं वाचलं. मग मी कुठला शेल शिकू? आणि समोर आलेली स्क्रिप्ट कुठल्या शेलची ते कसं ओळखू?

मुळाकाठ

आधी पॉझिक्सचा साधा ‘एसएच’ शीक, तो कॉर्न, डॅश, बॅश सगळीकडे पुरतो. हाताने काम करायला बॅश किंवा झेड, जो आवडेल तो. उबुंटूवर डॅश आहेच, लिहिलेलं प्रत्येक काही त्यात चालवून बघ.

ओळखायला पहिली ओळ वाच. नसेल तर आत बघ: ‘सेटएन्व्ह’ आणि ‘एंडइफ’ दिसलं तर सी शेल. ‘प्रिंट -यू२’ किंवा ‘सेट -ए’ ने केलेले ॲरे दिसले तर कॉर्न. तू स्वतः आत्ता कुठल्या शेलमध्ये बसला आहेस ते बघायला ‘पीएस -पी $$’. आणि शेलचेक नावाचं मोफत साधन बसव. त्याला एसएच, बॅश, डॅश आणि कॉर्न कळतात, सी शेल कळत नाही. रात्रपाळींनी सांगितलेलं पाइप आणि रीडचं उदाहरण त्याला दे, पहिली ओळ एकदा बॅशची आणि एकदा कॉर्नची ठेवून. कुठे इशारा देतो ते इथे लिही.

प्रथमवर्ष

करून पाहिलं. बॅश असताना म्हणतो की व्हेरिएबलमधला बदल सबशेलमध्येच राहील. कॉर्न केल्यावर तो इशारा गेला. आता सी शेल बसवून कंसवालं रीडायरेक्शन बघतो.